चौदा हजारांची बाग, तेवीस टोमॅटो

प्रिय ताई,

आमचे हे सप्टेंबरअखेर भोसरीतल्या कंपनीतून निवृत्त झाले. पहिला महिनाभर नुसते बातम्या लावून बसायचे, त्याही मोठ्या आवाजात. नोव्हेंबरात कुठून कोण जाणे, बागेचं खूळ डोक्यात शिरलं. आमची तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची गॅलरी, दहा फूट बाय चार फूट. तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. मी वही ठेवली आहे. कुंड्या ४,२०० रुपये, माती-कोकोपीट-गांडूळखत ३,१००, रोपं २,९००, ठिबकचा संच १,८५०, बियाणं आणि टॉनिकच्या बाटल्या २,५५०. एकूण १४,६००. उत्पन्न म्हणाल तर तेवीस चेरी टोमॅटो, अंगठ्याएवढे चार मुळे आणि मूठभर पुदिना. ब्रोकोलीला नुसती पानं. स्ट्रॉबेरी गेली. काकडीच्या वेलाला पिवळी फुलं ढीगभर, काकडी एक नाही. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकतं, बोलणी मी खाते. परवा दाराला अडकवलेली फुलपुडीची पिशवी घ्यायला गेले, तर उंबऱ्यातच मातीचं पोतं. आता म्हणतात, सोसायटीच्या गच्चीवर माती टाकून वाफे करू, वर्षभराची भाजी घरची. मुलगा बंगळुरूहून सांगतो, ‘आई, बाबांना करू दे काहीतरी.’ त्याचं काय जातंय सांगायला! बागेने खरंच पैसे वाचतात का, की हे नुसतं रिकामपणाचं खेळणं? थांबवू का यांना? एवढं मात्र खरं, की हल्ली टीव्ही बंद असतो. आणि गेल्या आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदा, मी उठायच्या आत यांनी चहा करून ठेवला, कुंडीतला गवती चहा घालून. साखर जास्त झाली होती.

– वैतागलेली, वारजे

वहिनी,

तुमची वही मला फार आवडली. बागेबद्दल पत्रं येतात ती बहुतेक ‘माझा मोगरा फुलत नाही’ छापाची. रुपये-आण्यांचा हिशेब मांडून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. म्हणून आधी वहीबद्दलच बोलते.

तुम्ही सगळा खर्च एकाच रांगेत मांडलाय, तिथे गोची आहे. तुमच्या यजमानांना विचारा, कंपनीत लेथ मशीन आणि मशीनचं ऑइल एकाच खात्यात टाकतात का? कुंड्या आणि ठिबक मिळून ६,०५० झाले. ते पाच-सात वर्षं कुठे जात नाहीत. मातीचे ३,१०० आहेत, आणि माती संपत नसते, दर हंगामाला खत मिसळून पुन्हा वापरायची. बुडाले म्हणायचे ते रोपांचे आणि बाटल्यांचे, ५,४५०. ती त्यांच्या शिकवणीची फी समजा. मी सुरुवातीला याहून जास्त भरली आहे. बारा वर्षांपूर्वी एका नर्सरीत मला ‘ताई, वर्षभरात लिंबं लागतील’ म्हणून एक रोप दिलं. अजून एक लिंबू दिसलेलं नाही. काटे मात्र अस्सल आहेत.

आता जमेची बाजू. पहिल्यांदा एक कटू गोष्ट सांगते: कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांत गॅलरीवाल्याने पडूच नये. एक फ्लॉवर तीन महिने एक मोठी कुंडी अडवून बसतो, आणि तो हाताशी येतो तेव्हाच मार्केट यार्डात आवक वाढलेली असते, दारावरचा भाजीवाला तोच गड्डा वीस रुपयांत देतो. ‘वर्षभराची भाजी घरची’ हे चाळीस चौरस फुटांत होत नाही. यजमानांना हे माझ्या नावाने सांगा, म्हणजे तुमच्यावर रागावणार नाहीत.

मग वाचतं कुठे? जे आपण चिमूटभर वापरतो आणि जुडीभर विकत घेतो, तिथे. पोह्यांवर कोथिंबीर किती लागते? आणि फ्रीजच्या तळाच्या खणात आज काळी पडलेली किती आहे, जरा उघडून बघा. पुदिन्याचंही तेच. भेळ एकदा होते, उरलेली जुडी कचऱ्यात जाते. कढीपत्ता पूर्वी भाजीबरोबर फुकट टाकायचे, आता त्याचेही मोजून पैसे घेतात. हिरवी मिरची, गवती चहा, आल्याचा तुकडा, खोकल्याला पानांचा ओवा, दोन जणांच्या घराला हे रोज लागतं आणि अगदी थोडं लागतं. कुंडीतून हवी तेवढीच चार पानं खुडता येतात, बाकीची झाडावर ताजी राहतात. यात महिन्याला दोनशे रुपये सहज वाचतात, असा माझ्या घरचा अनुभव आहे.

आणि वहिनी, तुम्ही स्वतःच पत्रात एक मोठी रक्कम लिहून गेलात आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. फुलपुडी! माझ्याकडे पूर्वी रोज दहा रुपयांची यायची. महिन्याचे तीनशे, वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर. पुडीत काय असतं? दोन झेंडू, थोडी शेवंती, चार दूर्वा, बेलाचं एखादं पान. तुमच्या पूर्वेच्या गॅलरीत गोकर्ण, तगर, सदाफुली आणि देशी जास्वंद बिनतक्रार येतील. गोकर्णाची बी आता जूनमध्ये लावली तर गणपतीच्या सुमारास निळी फुलं सुरू होतात. पसरट ट्रेमध्ये दूर्वा लावून ठेवा. गणपतीत एकवीस दूर्वांच्या जुडीचा भाव ऐकलात की मला आठवाल. आठवड्यातले चार दिवस फुलं घरची झाली आणि पुडीवाल्याला तीनच दिवस यायला सांगितलं, तरी वर्षाला दोन हजार सुटले.

करा बेरीज. फुलांचे २,००० आणि वरकड हिरव्याचे २,४००, म्हणजे ४,४००. त्यातून निंबोळी पेंड, बियाणं वगैरेंचे वर्षाला हजार वजा केले तर राहिले ३,४००. या हिशेबाने १४,६०० रुपये वसूल व्हायला सव्वाचार वर्षं लागतील. हेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला हजार-बाराशे व्याज आलं असतं. तेव्हा बाग ठेवीपेक्षा बरी, मात्र मुद्दल परत मागायचं नाही. आणि अट एकच: आता नवीन खरेदी बंद. बागेतला पैसा भाजीवाल्याकडे जात नाही, तो नर्सरीत जातो. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला किंवा जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलं की भलेभले घसरतात. तिथे जरूर जा, फिरा, पाहा. पैशांचं पाकीट तुमच्या पर्समध्ये असू द्या.

आता यजमानांचं काय चुकलं ते. हा भाग त्यांना वाचायला द्या.

पूर्वेच्या गॅलरीला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं. टोमॅटो-वांग्यांना पाच-सहा तास तरी लागतं. त्यामुळे तेवीस टोमॅटो ही नापास झालेल्याची खूण नाही, उन्हाच्या मानाने बरेच आले म्हणायचे. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या गारव्यात लाड करून घेते, वारज्याच्या मार्चमध्ये ती टिकेल कशी? पालेभाज्यांना मात्र तेवढं ऊन पुरतं. शिवाय पूर्वेच्या गॅलरीचा एक फायदा फार कुणी सांगत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पाऊस येतो तो खडकवासल्याच्या अंगाने, म्हणजे नैऋत्येकडून. पश्चिमेच्या गॅलरीतली कोवळी रोपं तो झोडपून काढतो, पूर्वेची बरीचशी कोरडी राहतात. जुलैत शेतातली कोथिंबीर सडते आणि जुडीचा भाव आभाळाला भिडतो, त्या दिवसांत डोक्यावर स्लॅब असलेल्या तुमच्या गॅलरीत ती येऊ शकते. जरा लांबुडकी, नाजूक येईल, पण वास तोच.

कोथिंबिरीला पाकीट आणू नका. डब्यातले धने घ्या, फार जुने नसले म्हणजे झालं. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलक्या हाताने रगडा. धन्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात, दाणा फाकला पाहिजे, पीठ होता कामा नये. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी सहा इंच खोल ट्रेमध्ये पेरा, वर अर्धा इंच माती. आठ-दहा दिवस काही दिसत नाही. याच दिवसांत लोक धीर सोडतात आणि माती उकरून बघतात. बघू नका. महिना-सव्वा महिन्यात कात्रीने कापण्याजोगी होते. खरी युक्ती म्हणजे सगळे धने एकदम पेरायचे नाहीत. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे, म्हणजे एक संपेस्तोवर दुसरा तयार. एकदम पेरली तर एकदम येते, आणि मग पुन्हा फ्रीजचा खण!

काकडीचं दुखणं वेगळं आहे. तो वेल आजारी नाही, एकटा आहे. काकडी, दोडका, कारलं, दुधी यांना नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. पहिले आठ-दहा दिवस बहुतेक नुसती नरच येतात, तेव्हा फळ धरायचा प्रश्नच नाही. मादी फूल ओळखायला सोपं: फुलाच्या मागे देठाशी करंगळीच्या पेराएवढी काटेरी, इवलीशी काकडी आधीच असते. तिसऱ्या मजल्यावर मधमाशा मनाला येईल तेव्हाच येतात. तेव्हा सकाळी नवाच्या आत एक ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला पिवळ्या परागाचा खुंट मादी फुलाच्या मध्यावर हलकेच दोन-तीनदा टेकवायचा. दोन-तीन दिवसांत ती इवली काकडी फुगायला लागली की जमलं, पिवळी पडून गळली की फसलं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, ते काम संध्याकाळचं. आयुष्यभर मिलिमीटरमध्ये काम केलेल्या माणसाला हे फार आवडेल, बघा.

टॉनिकच्या बाटल्या संपल्या की नवीन आणायच्या नाहीत. तुमच्या दोघांच्या स्वयंपाकघरातून रोज अर्धा किलोच्या आसपास साली, देठं, चहाचा चोथा निघत असेल. जुन्या बादलीला खाली-बाजूंनी भोकं पाडा. एक थर कचरा, त्यावर दुप्पट कोरडा पाचोळा, अधूनमधून चमचाभर आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी ढवळा. वास यायला लागला तर ओल जास्त झाली, आणखी पाचोळा घाला. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत. पाचोळा विकत घ्यायची तर लाजच वाटली पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातला रस्तान् रस्ता त्याने भरलेला असतो. बंदी असूनही लोक जाळतात आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांना खोकवतात. सोसायटीच्या माळीदादांना पोतंभर मागा, आनंदाने देतील. पाचोळा न जाळता एकमेकांना देणारे बागकर्मींचे गटही शहरात आहेत.

गच्चीवरच्या वाफ्यांना मात्र साफ नाही म्हणा, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. लोकांच्या वावराची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात. एक फूट जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत पाचशे किलोच्या घरात जाते. शिवाय वॉटरप्रूफिंगला मुळं लागली की वरच्या मजल्याचं छत गळणार, आणि मग बोलणी फक्त खालच्या काकूंची राहणार नाहीत. गच्ची सगळ्यांची असते, सभेचा ठराव नसताना तिथे कुंडीही चढवू नये. त्यांना गच्चीचीच हौस असेल तर सभेत वेगळा विषय मांडू द्या: सोसायटीचा गांडूळखत प्रकल्प. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण यांपैकी एक सोय चालू स्थितीत असेल तर पुणे महापालिका मिळकतकराच्या सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. बंद पडलेला प्रकल्प दाखवून सवलत खाणारे पुष्कळ. तिथे रोज लक्ष घालणारा निवृत्त माणूस सोसायटीला सोन्यासारखा.

गॅलरीतही जड कुंड्या कठड्याशी नकोत, भिंतीशी ठेवा. कठड्याला अडकवायच्या त्या आतल्या बाजूने. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवीच, काकूंचे कपडे वाचतील. पण ताटलीत साठलेलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासायला येऊन नोटीस देतात ती वेगळीच. बारा-पंधरा कुंड्या पुरे. उन्हाळ्यात एवढ्यांना रोज एक बादली पाणी लागतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात धरा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, थांबवू का. पत्रात तुम्ही तो विचारलात आणि पुढच्याच दोन ओळींत उत्तरही लिहून पाठवलंत.

नेदरलँड्समधला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला होता. काही लोकांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला लावलं, निम्म्यांना घरात बसून वाचायला. ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, बागेतल्यांचं जास्त. माणसं मोजकीच होती, तेव्हा मी त्यावरून ढोल बडवणार नाही. मला तुमचा टीव्ही जास्त पटतो. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या माणसाची सकाळ कंपनीच्या बसने ठरवली, त्याला ऑक्टोबरपासून कुणीच ‘उशीर झाला’ म्हणत नव्हतं. आता साडेपाचला उठलं नाही तर पुदिना मान टाकतो. तुम्ही त्याला खेळणं म्हणालात. माझ्या न फळलेल्या लिंबावर दरवर्षी फुलपाखराच्या अळ्या येतात. सुरुवातीला त्या चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग एके दिवशी हिरव्यागार होतात आणि निम्मी पानं फस्त करतात. माझा नातू सुट्टीत आला की भिंग घेऊन तासन् तास तिथे. बाहेर त्याला नेलं असतं तर पाचशेची नोट मोडली असती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मलाही कळलेलं नाही. तुम्ही हिशेबात पक्क्या, सुचलं तर कळवा.

तोवर एक करा. वही बंद करू नका, तिला ‘जमा’चं पान जोडा आणि ते लिहायचं काम यजमानांकडे द्या. जे खुडलं ते वजन करून, त्या दिवशीच्या भाजीवाल्याच्या भावाने. काय लावायचं हे तुम्ही ठरवा, कारण स्वयंपाक तुम्ही करता. त्यांनी आजवर लावलं ते व्हिडिओत पाहून, तुम्हाला काय लागतं हे विचारलं का कधी? आणि चहात साखर किती, हेही एकदा सांगून टाका. पस्तीस वर्षांत सांगायची वेळच आली नसेल.

नवीन खरेदी बंद म्हटलं खरं, पण मृग लागतोय, तेव्हा एका वस्तूला परवानगी द्या: अळूचे दोन कंद. अळूला ऊन कमी चालतं, पाणी भरपूर लागतं, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही त्याला आवडतं. काळसर देठाचं ते वडीचं, हिरव्या देठाचं भाजीचं. यजमानांना नीट बजावून पाठवा, काळ्या देठाचंच आणायचं. श्रावणात पहिल्या वड्या झाल्या की बशी खालच्या काकूंकडे त्यांच्याच हाती पाठवा. कपड्यांबद्दल काय बोलायचं ते त्या त्यांच्याशी बोलतील.